राम की रमा

मासे पाळणाऱ्यांकडे किस्से साठतात ते टाकीच्या तळाशी गाळ साठतो तसे. दर रविवारी नळी लावून उपसायचे, तरी पुढच्या रविवारी आहेतच. आता किस्से काय सगळ्यांकडे असतात. माझ्या नवऱ्याचे ट्रेकचे किस्से ऐकले तर वाटेल, सह्याद्री हाच माणूस खांद्यावर घेऊन उभा आहे. आमच्या मंडळाच्या किश्श्यांत फुशारकी मारायला कुठे जागाच नाही. सांगताना मान खाली जाते. तरी सांगते, कारण न सांगता बसलं की ते जास्तच टोचतात.

मंडळ म्हणजे आम्ही चौघं. मी मुलुंडची, शाळेत चित्रकला शिकवते. भांडुपचे सावंत एका कंपनीचं स्टोअर सांभाळतात. घाटकोपरच्या निमेषचा घरचा कापडाचा धंदा आहे. आणि गोराईचा ग्रेगरी, ज्याची वाडवडिलांची नारळाची वाडी आहे आणि स्वतःची बँकेतली नोकरी. चौघांचं वेड एकच, बुटके सिक्लिड. बोटाएवढे मासे, मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधले. जाती ढीगभर आणि दिसायला सगळ्या सारख्याच. नर जरा तरी रंगीत असतात. माद्या म्हणजे पिवळट तपकिरी अंग आणि त्यावर एक काळा पट्टा, की झाली मादी. एका जातीचा नर दुसऱ्या जातीच्या मादीबरोबर टाकला तर भेसळ पिल्लं होतात, आणि आमच्यात याहून मोठं पाप नाही. म्हणून आमचा निम्मा जन्म काचेला नाक लावून ‘ही नक्की कोण’ हे ठरवण्यात जातो.

जमायचं ते सावंतांकडे. त्यांच्या हॉलची एक अख्खी भिंत टाक्यांनी भरली आहे आणि तरी त्यांच्या घरात भांडण होत नाही. हे आम्हा बाकीच्या तिघांना जमलेलं नाही. शिवाय वहिनींचे घावणे आणि खोबऱ्याची चटणी. खरं सांगायचं तर कधीकधी मासे हे निमित्तच असायचे.

*

निमेष नवीन होता तेव्हाची गोष्ट. आमच्यात अगासिझाय नावाची एक जात आहे. एवढं कोण म्हणत बसणार, म्हणून दुकानदारांपासून सगळे तिला ‘अगाशी’ म्हणतात. निमेषच्या पहिल्याच रविवारी सावंत उसासा टाकून म्हणाले, “खरी अगाशी आता मिळत नाही. दुकानात येते ती सगळी मिक्स.”

निमेषने ते मनावर घेतलं. पुढच्या शनिवारी त्याने गाडी काढली आणि थेट विरारपलीकडच्या अगाशीला गेला. मूळ गावी तरी अस्सल माल मिळेल, असा त्याचा हिशेब.

निमेष जैन. घरात कांदा-लसूणसुद्धा येत नाही. हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा मासळीबाजारात शिरला. नाकाला रुमाल, हातात प्लास्टिकची पिशवी. एका कोळणीसमोर उभा राहून म्हणाला, “मावशी, अगाशीचा छोटा मासा आहे? जिवंत पाहिजे. जोडी.”

मावशींनी विचारलं, केवढा. त्याने करंगळी दाखवली.

“आरं दादा, येवढुश्या मासलीचं कालवन कुनाला पुरंल?”

“खायला नको, घरी ठेवायला पाहिजे,” निमेष म्हणाला. आजूबाजूच्या सगळ्या कोळणींचे कोयते थांबले. तेवढ्यात मागून हाक आली, “अरे, निमेषभाई?” त्याच्या मामाच्या बिल्डिंगमधले काका. देवळात रोज भेटणारे. गाडी पंक्चर झाली म्हणून रस्त्याकडेला उभे होते. आता निमेषच्या हातात पिशवी, समोर बांगड्याचा वाटा, आणि नाकाला अजून रुमाल.

बातमी त्याच्याआधी घाटकोपरला पोचली. आईने जेवण सोडलं. शेवटी त्याने टाकीसमोर नेऊन तिला मासे दाखवले आणि शपथ घेतली की हे पाळायचे असतात. आईने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “आणि हे काय खातात?”

“पालक,” निमेष म्हणाला.

आईच्या मते निमेषचे मासे अजूनही पालक खातात. त्यांच्या गोठवलेल्या अळ्यांचा डबा सावंतांच्या फ्रीजमध्ये असतो, वहिनींच्या कोकमाच्या आगळाच्या बाटलीला टेकून. वहिनींनी त्यावर एकदाही नाक मुरडलं नाही. फक्त डब्यावर स्केचपेनने ‘पालक’ असं लिहून ठेवलं.

*

मंडळात ओळख पटवायचं काम माझ्याकडे कसं आलं, तर चित्रकलेच्या बाईंना डोळा असतो या गैरसमजातून. काही खुणा मी खरोखर शिकले होते. म्हणजे अगाशीचा काळा पट्टा शेपटीच्या टोकापर्यंत जातो आणि काकाटू नावाच्या जातीचा पट्टा आधीच थांबतो, मग शेपटीच्या मुळाशी वेगळा ठिपका असतो. मी हे असं सांगायचे की पट्टा शेपटीच्या घरात शिरतो का दारातच थांबतो ते बघा. मंडळींना ते फार आवडलं. मग काय, मला चढलीच.

घाटकोपरच्या एका दुकानात मी दर टाकीतला मासा जाळीत घेऊन वळवून दाखवायला लावायचे. एकदा दुकानदार वैतागून म्हणाला, “मॅडम, जोडी न्यायला आलात का स्थळ बघायला?” तेव्हाच मी शहाणं व्हायला हवं होतं.

झालं असं की ग्रेगरीने ग्रुपवर एक फोटो टाकला, “ताई, हा कोण?” फोटो अंधुक होता. पण मी अशी माघार घेणाऱ्यांतली नाही. शाळेच्या ऑफ पिरियडला बसून झूम करकरून मी उत्तर लिहिलं. जात सांगितली, नर असल्याचं सांगितलं. पट्टा बघा, परांचा आकार बघा, वयाने मोठा वाटतो. जरा मलूल दिसतो, बहुतेक पाणी क्षारांमुळे जड असेल, वाळलेली बदामाची पानं टाक. चांगलं परिच्छेद पाडून लिहिलं होतं. सावंतांनी टाळ्या पाठवल्या.

ग्रेगरीचं उत्तर आलं, “ताई, तो मागच्या पोस्टरवरचा आहे. मी पुढच्याबद्दल विचारलं.”

त्याने टाकीच्या पाठी दुकानातलं छापील चित्र चिकटवलं होतं. त्यातला मासा मलूल दिसत होता कारण कागद एका बाजूने भिजला होता. पुढे कितीतरी दिवस ग्रेगरी मला गोराईहून भिंतीवरच्या कॅलेंडरांचे फोटो पाठवत होता. “ताई, हा नर का मादी?”

*

आता रामाकडे येते, कारण पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

या बुटक्या माशांतला सगळ्यात देखणा मासा म्हणजे रॅम. मुंबईतल्या दुकानांत त्याला कुणी रॅम म्हणत नाही, सरळ राम म्हणतात. जर्मन राम, बोलिव्हियन राम, गोल्डन राम. आम्ही एकमेकांना फोनवर विचारतो, “सकाळी राम बघितलास का?” शेजाऱ्यांना आम्ही भयंकर भाविक वाटतो.

सावंतांकडे जर्मन रामाची एक सुंदर जोडी होती. एका सकाळी त्यातला नर गेला. सावंतांना ते ऑफिसात पोचल्यावर वहिनींच्या फोनमुळे कळलं. त्यांनी लगेच मला फोन लावला, आणि सावंतांचा आवाज असा की हळू बोलले तरी मजला ऐकतो.

“अनघाताई, राम गेला. कालपासून श्वास जोरात चालला होता, खाणंही सोडलं होतं. आता ती बिचारी एकटी कोपऱ्यात बसून आहे म्हणे.”

फोन ठेवून वळतात तर अख्खं स्टोअर उभं. कुणी खांद्यावर हात ठेवला, कुणी पाणी आणलं. एकाने विचारलं, “कुठे होता राम?”

“जर्मन होता,” सावंत गोंधळून म्हणाले.

“अरेरे. परदेशात म्हणजे बॉडी आणायची पण पंचाईत.”

साहेब स्वतः केबिनमधून बाहेर आले. म्हणाले, “सावंत, अर्धा दिवस घ्या. घरी जा. अशा वेळी घरच्यांना आपली गरज असते.”

इथे कुठल्याही सरळ माणसाने सांगितलं असतं की साहेब, मासा आहे. सावंतांनी सांगितलं नाही. त्यांनी डोळे पुसल्यासारखं केलं, अर्धा दिवस घेतला, आणि तडक घाटकोपरच्या दुकानात जाऊन नवा राम घेतला. तिथूनच त्यांनी मला बोलावलं, खात्री करायला. शाळा सकाळची असल्याने मी मोकळी होते.

रामाची मादी ओळखायची तर पोटावर गुलाबी झाक असते आणि अंगावरच्या काळ्या डागात निळ्या टिकल्या असतात. नराच्या पाठीवरच्या परातले पुढचे काटे लांब असतात. या माशाचे काटे चांगले लांब होते, अंगाने दांडगा होता, दुसऱ्यांना टाकीभर पळवत होता. डागात एकदोन टिकल्या दिसत होत्या. सावंतांनी त्या दाखवल्यासुद्धा. मी म्हटलं, “हल्ली फार्मवाले रंग चढावा म्हणून काय काय देतात, त्याने नरांनाही येतात. चाल बघा ना त्याची. हा नर आहे. शंभर टक्के.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सावंतांच्या टेबलावर रामाच्या नावाने हार होता. त्यांनी तो घरी आणला आणि वहिनींना सांगितलं की ऑफिसात पूजा होती.

*

जोडीतल्या मादीला ‘रमा’ हे नाव ग्रेगरीने दिलं. रामाची मादी ती रमा, असा सरळ हिशेब. आम्हाला भारी आवडलं. त्याच रविवारी तो काचेला डोळा लावून ओरडला, “अरे, रमा कुठे लपली?”

“इथे आहे, घावणे घालतेय,” आतून आवाज आला.

वहिनींचं नाव रमा. इतकी वर्षं त्यांच्या हातचं खात होतो आणि नाव आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. वहिनी म्हणजे वहिनी. लॅटिनमधली लांबलचक नावं आम्हाला झोपेत पाठ, आणि ज्या बाईच्या घरात बसायचो तिचं नाव आम्हाला एका माशामुळे कळलं. वहिनी मात्र ताट घेऊन बाहेर आल्या आणि हसल्या. म्हणाल्या, “चला, कुणीतरी हाक तरी मारली.”

तेव्हाच ते नाव सोडून द्यायला हवं होतं. सावंत म्हणाले, “चालतं हो, तिला काय त्याचं.” आणि ते चालत राहिलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सावंतांना मूल नाही. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्यावर बोलत नव्हतं. मला वहिनींनी एकदा ओट्यापाशी सांगितलं होतं. नारळ खवता खवता सांगितलं, वर न बघता. किती डॉक्टर झाले, किती इंजेक्शनं, कुठल्या कुठल्या देवीला काय बोलून झालं. “ह्यांना कामावरून सुट्टी मिळायची नाही, म्हणून मी एकटीच जायचे. सासूबाई गावाहून आल्या की आल्यागेल्याला माझ्यासमोर सांगायच्या, आमच्या वसंताचं नशीबच खोटं.” मग त्यांनी मला विचारलं, चटणीत मिरची एक घालू का दोन.

*

राम आणि रमा यांचं छान जमलं. दोघं मिळून सपाट दगड घासून साफ करायची, रमा अंडी घालायची, दोघं राखण करायची. आणि अंडी दुसऱ्या दिवसापर्यंत पांढरी पडायची. म्हणजे फुकट. पुन्हा घातली, पुन्हा पांढरी.

मंडळात चर्चा झाली आणि ओळखतज्ज्ञ या नात्याने मी निकाल दिला की राम उत्तम आहे, रमा बदला. सावंतांनी दुसरी रमा आणली. तिचीही अंडी पांढरी. मग तिसरी आणायची ठरली, आणि सावंतांनी आमच्या ग्रुपवर मेसेज टाकला, “रमा बदलायची आहे. हिच्याकडून काही होणार नाही हे आता नक्की. तरुण आणि तब्येतीने चांगली अशी कुठे मिळेल? जुनी कुणी नेणार असेल तर आजच न्यावी.”

आमच्या ग्रुपवर तो मेसेज आलाच नाही. तो गेला सोसायटीच्या ग्रुपवर.

सावंतांना आपण काय केलं ते कळलं तेव्हा सगळ्यांचं वाचून झालं होतं. मग सेक्रेटरींचं उत्तर आलं, “श्री. सावंत, हा विषय सोसायटीच्या अखत्यारीत येत नाही.” दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकूंनी लिहिलं, “रमा, तू आधी आमच्याकडे ये.”

रमा वहिनीही त्या ग्रुपवर होत्या. त्यांनी सगळ्यांच्या खाली एकच ओळ लिहिली, “गच्चीवरची टाकी धुवायची होती त्याचं काय ठरलं?”

हे सावंतांनी आम्हाला रविवारी सांगितलं तेव्हा आम्ही हसून हसून लोळलो. वहिनी आत होत्या. मी पण हसले, हे लिहून ठेवते.

*

तिसरी रमा आली, तिचीही तीच गत. त्या रविवारी चौघं टाकीपुढे बसलो होतो. पांढऱ्या पडलेल्या अंड्यांकडे बघत निमेष म्हणाला, “यार, ही पण वांझ निघाली.”

त्याचं मराठी चांगलं आहे, पण काही शब्दांचं वजन त्याला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. मी त्याला थांबवायला हवं होतं. त्याऐवजी मी माझ्या तज्ज्ञ आवाजात म्हटलं, “रामात तर काही दोष नाहीच. रमाच नीट मिळत नाहीत.”

आतला तव्यावरचा आवाज थांबला. पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळाने घावणे आले, चटणी आली, चहा आला. वहिनींनी प्रत्येकाला आग्रह केला. आम्ही खाली बघून खाल्लं. मीही ताट संपवलं, कारण टाकलं असतं तर त्यावर बोलावं लागलं असतं.

पुढच्या रविवारी सावंतांचा फोन आला. “या वेळी नको जमायला. ती म्हणते, घरात माणसं नकोत.” त्याच्या पुढच्या रविवारीही नको होतं. मग म्हणाले, टाक्या विकायचं बोलणं चाललं आहे. वहिनी तसं म्हणाल्या नव्हत्या. त्या काहीच म्हणत नव्हत्या, आणि सावंतांना तेच जड जात होतं.

मग मी एकटी भांडुपला गेले. वाटेत वाक्यं जुळवत होते. दार वहिनींनीच उघडलं, बसायला सांगितलं, पाणी दिलं. आणि माझ्या तोंडून सगळ्यात वाईट वाक्य निघालं.

“वहिनी, आम्ही माशाबद्दल बोलत होतो हो.”

“माहीत आहे,” वहिनी म्हणाल्या. “माझ्याबद्दल बोलतानाही सगळे असंच, मी तिथे नसल्यासारखे बोलायचे.”

मी मान वर करू शकले नाही. माफी मागितली, पण ती अशी पुटपुटत की त्यांना पुन्हा विचारावं लागलं, काय म्हणालात. दुसऱ्यांदा मागितली तेव्हा नीट मागितली. वहिनींनी ग्लास उचलला आणि म्हणाल्या, “या रविवारी सगळे. टाक्या विकून ह्यांचं काय होणार, दिवसभर माझ्यापुढे बसतील. फक्त माझ्या नावाने हाका मारू नका त्या माशांना.”

*

तर या रविवारचा किस्सा.

आम्ही शहाण्यासारखे गेलो. निमेषने वहिनींसाठी अंजिराची बर्फी आणली होती, त्याच्या आईकडून मागून. ग्रेगरीने बदामाची पानं आणि वाडीतली शहाळी. रमा हा शब्द कुणी काढायचा नाही असं खालीच जिन्यात ठरलं होतं. मग म्हणायचं काय? निमेष म्हणाला, मॅडम म्हणू. मग राम एकटा राम कसा ठेवायचा, म्हणून त्याला सर म्हणायचं ठरलं. सावंतांनी आदल्या दिवशी चौथी मादी आणून सोडली होती. म्हणजे नव्या मॅडम.

चौघं टाकीपुढे बसलो. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. टाकीतला दगड घासून लख्ख झाला होता. मॅडम दगडाच्या एका बाजूला थांबून होत्या, पर हलवत. सर दगडावर आले. पोट दगडाला टेकवलं आणि अगदी सावकाश पुढे सरकले. पुन्हा मागे गेले, पुन्हा सरकले.

दगडावर अंड्यांची एक ओळ उमटली होती.

सावंतांनी चष्मा काढून पुसला. सर पुन्हा दगडावर आले आणि दुसरी ओळ घातली. पोटाखालची अंडी घालायची जाडजूड नळी मला आता लांबूनही दिसत होती. गुलाबी झाक दिसत होती. काळ्या डागातल्या निळ्या टिकल्यासुद्धा मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट दिसत होत्या.

“ताई,” निमेष हळूच म्हणाला, “सर अंडी देतायत.”

“शंभर टक्के,” ग्रेगरी म्हणाला.

मी काही म्हणणार तेवढ्यात वहिनींना हसू फुटलं. त्या दाराला धरून हसल्या, मग सोफ्यावर येऊन बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांचं बघून आम्हीही हसलो, सुटल्यासारखे. निमेष तर बर्फीचा तुकडा हातात धरून डोळे पुसत होता. मला वाटलं, चला, मिटलं एकदाचं.

“म्हणजे चार जणी आणल्यात,” वहिनी दम घेत म्हणाल्या, “आणि ह्याला एकदाही कुणी नीट बघितलं नाही?”

“चूक माझी आहे वहिनी,” मी म्हटलं. “मी नर म्हणून सांगितलं आणि मग सगळे मादीकडेच बघत बसलो.”

वहिनींनी डोळे पुसले. पदर नीट केला. मग चटणी हवी का विचारावं तशा साध्या आवाजात त्या सावंतांना म्हणाल्या, “अहो, मी इतक्या डॉक्टरांकडे गेले. तुम्हाला त्यांनी कधी बोलावलं नव्हतं का हो?”

सावंतांची पाठ आमच्याकडे होती. टाकीतले सर तिसरी ओळ घालत होते आणि आम्ही तिघं नाइलाजाने त्यांच्याकडेच बघत राहिलो.

“बोलावलं होतं,” सावंत म्हणाले.